गोडाला घट्टपणा कशाचा?

आषाढी वारीत माऊलींची पालखी आपल्या नातेपुत्यात मुक्कामाला असते. माळकऱ्यांच्या हातावर गोड ठेवताना ते कशाचं आहे, हे आपल्या आज्यांना विचारावं लागत नव्हतं. पाडव्याच्या साखरगाठी, संक्रांतीचा हलवा, बत्तासे, चिक्की, सगळं पाकानंच घट्ट होतं. साखरही तालुक्यातलीच. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला १९३२ साली कारखाना काढला.

पुढं पुडीतल्या रबरासारख्या गोळ्या आल्या. त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांत जिलेटिन असतं. ते जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढतात. माळकरी आणि जैन घरांत ते चालत नाही. जनावर कोणतं, ते हलाल आहे का, हे कळल्याशिवाय मुसलमान घरांतही चालत नाही. बचत गटात आपण सगळ्याजणी एकाच सतरंजीवर बसतो, आणि लेकरं वाढदिवसाची गोळी एकमेकांना देतात.

२००१ साली पाकिटावर खूण सक्तीची झाली. शाकाहारी मालाला हिरवा ठिपका, मांसाहारीला तपकिरी. आता तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला आहे. हिरवा ठिपका असलेल्या मालात जिलेटिन घालता येत नाही. बरणीतल्या सुट्ट्या गोळीवर मात्र खूण नसते. दुकानदाराला मूळ पाकीट दाखवायला सांगा.

घरी जेली करायची तर चायना ग्रास वापरा. ते समुद्रातल्या शेवाळापासून होतं. आणि गटाचा खाऊ विकायला ठेवताना त्यात काय काय घातलं, ते पुडीवर लिहूया. आज्यांच्या हातच्या खाऊवर होता तसा विश्वास आपल्या पुडीवरही बसला पाहिजे.