विधान परिषद, महाराष्ट्र
राज्य विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह. ते विसर्जित होत नाही. सदस्यांची मुदत ६ वर्षे असून दर दोन वर्षांनी सुमारे एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. ७८ जागांपैकी ३० विधानसभा सदस्य निवडून देतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, तर पदवीधर व शिक्षक मतदारसंघांच्या प्रत्येकी ७. उरलेले १२ सदस्य राज्यपालनियुक्त. पदवीधर मतदारसंघात मतदान मतपत्रिकेवर होते. केंद्रावरच मिळालेल्या जांभळ्या पेनाने उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. सवयीने नुसती बरोबरची खूण केली की मत बाद, आणि पदवीधरांचीही मते अशी बाद होतातच. परिषदेचे अधिकार मात्र बेताचेच: धनविधेयक तिला १४ दिवसांपलीकडे अडवता येत नाही.