चालढकलीला आळस म्हणू नका

आमच्या वाशी गावच्या पारावर असो, शाळेच्या स्टाफरूममध्ये असो की लग्नाच्या मांडवात, कुणाचे काम रखडले की निकाल एका शब्दात लागतो : आळशी. या निकालाविरुद्ध मी अपील करतो आहे. न्यायाधीश वाचक आहेत.

आधी प्रतिपक्षाची बाजू. काम समोर आहे, वेळ आहे, हातपाय धड आहेत, तरी माणूस ते उद्यावर ढकलतो. याला आळस नाही तर काय म्हणायचे? समर्थ रामदासांपासून सगळ्यांनी आळसाचा धिक्कार केला, तो उगीच का? तेव्हा चार शब्द सुनावा, लाज वाटू द्या, माणूस सरळ होतो. ही बाजू पोकळ नाही. कामाला भिडल्याशिवाय काम होत नाही, हे मलाही मान्य आहे. मतभेद आहे तो माणूस भिडत का नाही, या प्रश्नावर. निदान चुकले की औषध चुकते.

आपल्या भाषेनेच आळस आणि चालढकल हे शब्द वेगळे ठेवले आहेत. आळशाला सगळ्याच कामांचा कंटाळा असतो आणि बसून राहण्यात त्याला सुख वाटते. चालढकल होते ती एखाद्या ठरावीक कामाची, आणि ती करणाऱ्याला झोप लागत नाही. तिसरी गोष्ट थांबण्याची. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून आमच्याकडचा जाणता शेतकरी सोयाबीन पेरायला धावत नाही. कृषी विभागही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल झाल्यावरच पेरा म्हणतो. पुढे वापसा यावा लागतो. या थांबण्याला कुणी आळस म्हणेल काय? थांबणाऱ्याला आपण कशाची वाट पाहतोय हे सांगता येते. चालढकल करणाऱ्याला ते सांगता येत नाही.

आता साक्षीदार उभा करतो. माझा थोरला चुलतभाऊ. हरभऱ्याला पाणी द्यायचे म्हणून रात्री बाराला लाईट आली की हा थंडीत बॅटरी घेऊन विहिरीवर जातो आणि पहाटेपर्यंत बारे मोडतो. सकाळी धार काढून दूध डेअरीवर पोचवतो. हाच माणूस वडील, म्हणजे आमचे तात्या, वारल्यावर तीन वर्षे वारस नोंद करू शकला नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. लागते काय? एक अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती. सगळ्या भावकीने त्याला आळशी ठरवले. मीही त्यात होतो, हे इथे लिहिलेच पाहिजे. विचारले की तो म्हणायचा, “बघू की पुढल्या आठवड्यात.” एकदा ओट्यावर बसलेलो असताना त्याने जुना सातबारा दाखवला, वडिलांच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाला, “ह्याच्यावर आडवी रेघ मारत्यात रं.”

तो कामाला टाळत नव्हता. त्या रेघेला टाळत होता.

हा एकट्या माझ्या भावाचा स्वभाव म्हणाल, तर कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरचे उपलब्ध संशोधन एकत्र तपासले. चालढकलीशी ज्यांचे नाते घट्ट दिसले त्यांत कामाविषयीची नावड, फळ दूर असणे आणि ‘मला हे जमेल’ या विश्वासाचा अभाव ही कारणे होती. मनाचा उतावळेपणाही होता, हे प्रतिपक्षाच्या बाजूचे म्हणून मी लपवत नाही. पण उतावळा माणूस आणि आळशी माणूस एक नव्हेत.

मग लाज वाटायला लावण्याचा उपाय घ्या. ज्या कामाशी आधीच दुःख किंवा भीती चिकटली आहे, त्याला आणखी अपमान चिकटवला तर माणूस त्याच्या जवळ येईल की लांब पळेल? मायकल वोल व सहकाऱ्यांनी २०१० साली कॅनडातील कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधी अभ्यास ढकलल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. लाडाने माणूस बिघडतो म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

काही जण उलट टोकाचे बोलतात : शेवटच्या रात्रीच माझे काम उत्तम होते. टाइस आणि बाउमाइस्टर यांनी १९९७ साली हाही दावा तपासला. चालढकल करणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला खरेच निवांत होते; शेवटी मात्र त्यांचा ताण आणि आजारपण जास्त होते, गुण कमी होते. दावा फेटाळला जातो.

शेतकऱ्यांचाच पुरावा हवा? पश्चिम केनियात सुगीनंतर हातात पैसा असतो तेव्हा ‘खत पुढे घेऊ’ असे म्हणणारे शेतकरी हंगामाला खताविना राहत. एस्थर डुफ्लो, मायकल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी २०११ साली दाखवले की सुगी होताच, ठरावीक मुदतीत, खत घरपोच मोफत पोचवण्याची सोय दिली की खरेदी लक्षणीय वाढते. कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत, भाषणही ठोकले नाही. मधली खेप तेवढी कमी केली. माणसे तीच राहिली. मग दोष त्यांच्या हाडात होता, असे म्हणता येईल का?

हे वाचल्यावर मी भावाला ‘कधी जाणार’ हे विचारायचे सोडले. एका संध्याकाळी म्हणालो, “दादा, तात्यांचा दाखला कुठं ठेवलाय, तेवढं बघू.” ट्रंकेत, तात्यांच्या धोतराच्या घडीखाली होता. त्या दिवशी आम्ही फक्त तो बाहेर काढला आणि चहा प्यालो. पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघे मोटारसायकलवर गेलो, अर्ज दिला. नोटिशीचे पंधरा दिवस सरले, फेरफार मंजूर झाला.

नवा सातबारा त्याने बराच वेळ हातात धरला. तात्यांच्या नावावर आडवी रेघ होती. खाली त्याचे स्वतःचे पूर्ण नाव छापले होते, आणि त्या नावाच्या मधोमध तात्या होते.