कुत्र्याच्या ताटाचा इतिहास

संत नामदेवांची ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. कुत्रं कोरडी पोळी तोंडात धरून पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, की बाबा रे, कोरडी नको खाऊ, तूप लावून देतो! कीर्तनात ही गोष्ट 'सर्वांभूती देव' समजावण्यासाठी सांगतात. मला मात्र हल्ली तिच्यात दुसरंच काहीतरी दिसतं. त्या कुत्र्याने मटणाचा तुकडा पळवला नाही, पोळी पळवली. आणि इतक्या शतकांत ऐकणाऱ्या एकालाही हे खटकलं नाही. कुत्रं पोळी-भाकरी खातं, हे मराठी माणसाने इतकं गृहीत धरलंय.

हा विचार आत्ताच का? तर दीड महिन्यापूर्वी आमचा बंड्या गेला. वय अकरा वर्षं, गावठी आणि लॅबचं मिक्स, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेला. किडनीचा आजार निघाला आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या वयात हा आजार बऱ्याच कुत्र्यांना होतो आणि नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. पण बिल्डिंगमधले 'तज्ज्ञ' काही गप्प बसेनात. "काकू, तुम्ही त्याला रोज पोळी घालायचात ना? कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा. त्याला धान्य पचतच नाही. त्यानेच किडन्या गेल्या." हे ऐकून आईने मला दोन-तीनदा विचारलं, "माझ्यामुळे गेला का रे तो?"

ऑफिसमध्ये सर्व्हर पडला की आम्ही रूट कॉज अ‍ॅनालिसिस करतो. तिथला पहिला नियम म्हणजे जो समोर दिसला त्याच्यावर खापर फोडायचं नाही, आधी लॉग बघायचे. म्हटलं, इथेही लॉग बघू. कुत्र्याच्या ताटाचे लॉग चांगले काही हजार वर्षांचे आहेत!

सुरुवात आपल्याच अंगणातून करू. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून पुढची बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. मुख्य पीक जव म्हणजे सातू. गाई-बैल आणि शेळ्या-मेंढ्यांबरोबर कुत्र्याचीही हाडं मिळाली. म्हणजे महाराष्ट्रात शेती करणारा माणूस आणि कुत्रं ही जोडी तेव्हापासूनची आहे. ज्या घरात जव शिजत होतं, त्या घराच्या दारातलं कुत्रं काय खात असेल, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? उरलंसुरलं अन्न, हाडं आणि जमेल तेव्हा मारलेला उंदीर-घूस.

बरं, कुत्र्यासाठी रडणं हे शहरी लोकांचं नवं फॅड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी थोडं विषयांतर. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथे इ.स. 949-50 च्या सुमाराचा, राष्ट्रकूट काळातला एक वीरगळ सापडला. त्यावर 'काळी' नावाच्या शिकारी कुत्र्याची हकीकत कोरलेली आहे. रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि कुत्रं दोघंही मेली. मालकाने तिच्या आठवणीला दगड उभारला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली! आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या 'खंड्या' कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. रायगडावरच्या वाघ्याचं स्मारक मात्र 1936 सालचं आहे. त्याची कथा समकालीन कागदपत्रांत सापडत नाही आणि त्यावरून 2011 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये वाद झाला, हे आपण पाहिलंच. कथा खरी की खोटी हा भाग वेगळा. पण कुत्र्याला दगडात जपावंसं वाटणं खूप जुनं आहे.

असो. परत ताटाकडे येऊ.

मुंबईत पारशी घरांत जेवणाआधी कुत्र्यासाठी घास काढून ठेवायची पद्धत होती. 'कुतरा नो बूक' म्हणतात त्याला. ही श्रद्धा किती खोल होती हे इंग्रजांना जून 1832 मध्ये कळलं. भटकी कुत्री मारायची सरकारी मोहीम चालली होती. 6 जूनला फोर्ट भागात पारशी लोक रस्त्यावर आले. दुकानं बंद झाली, सैन्यालाही रसद मिळेना, आणि शेवटी सैनिक बोलवावे लागले. मुंबईच्या इतिहासातली ही पहिल्या मोठ्या दंगलींपैकी एक, आणि ती झाली कुत्र्यांवरून! त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि इतरांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळचा पांजरपोळ सुरू झाला. 1874 मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत आली. मग पेटिट घराण्याच्या देणगीतून परळचं बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं आणि 1886 मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. ठाणे-डोंबिवलीतली माणसं आजही आजारी कुत्री घेऊन परळला जातात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत काय नि लंडनमध्ये काय, कुत्रा माणसाच्याच ताटातलं खात होता. 'डॉग फूड' नावाची वस्तूच नव्हती.

ती आणली जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने. गंमत म्हणजे हा गृहस्थ इंग्लंडला गेला होता विजेपासून इमारती वाचवणारे लोखंडी गज विकायला! गोदीवर कुत्री जहाजावरची टणक बिस्किटं खाताना त्याला दिसली, अशी गोष्ट सांगतात. 1860 च्या सुमारास त्याने गहू, भाज्या, बीट आणि मांस घालून कुत्र्यांची बिस्किटं बनवली. म्हणजे जगातलं पहिलं 'ब्रँडेड' कुत्र्याचं खाणंसुद्धा गव्हाचंच होतं. या कंपनीतला एक हुशार सेल्समन म्हणजे चार्ल्स क्रफ्ट. पुढे 1891 मध्ये त्याने आपल्या नावाचा डॉग शो सुरू केला, तोच आजचा प्रसिद्ध 'क्रफ्ट्स'. म्हणजे खाणं विकणं आणि जातिवंत कुत्र्यांची हौस वाढवणं, या दोन गोष्टी पहिल्यापासून हातात हात घालून चालल्यात.

पुढे 1922 मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे आले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली, डबे बंद पडले आणि कंपन्या कोरड्या खाण्याकडे वळल्या. 1957 मध्ये प्युरिना कंपनीने माणसांचं सीरियल बनवायच्या यंत्रातून कुत्र्यांचे दाणे काढले. दाबाने आणि वाफेने शिजवून, फुगवून, कापून. आज आपण 'किबल' म्हणतो ते हेच. पुढे जाहिरातींनी लोकांच्या मनात ठसवलं की घरचं उष्टं घालणं वाईट आणि पाकीटच बरोबर. मालकाच्या मनात शंका पेरल्याशिवाय पाकीट खपणार कसं?

पाकीटाचं हे एवढं कौतुक, पण त्याचेही बग निघालेच. मार्च 2007 मध्ये अमेरिका-कॅनडात कुत्र्या-मांजरांच्या किडन्या अचानक निकामी व्हायला लागल्या. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलं होतं. प्रथिनांची चाचणी करताना नायट्रोजन मोजतात, मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून भेसळ. पण सायन्युरिक अ‍ॅसिडबरोबर त्याचे खडे बनून किडनीत अडकले. लाखो पाकिटं परत मागवावी लागली. या प्रकरणानंतर बऱ्याच लोकांचा राग थेट गव्हावरच निघाला आणि 'ग्रेन-फ्री'ची लाट आणखी जोरात आली. दोष भेसळीचा, शिक्षा गव्हाला! मग जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर केलं की डाळी-वाटाणे जास्त असलेलं हे ग्रेन-फ्री खाणं आणि कुत्र्यांचा हृदयविकार यांचा संबंध आहे का, हे ते तपासतायत. नक्की कारण पक्कं झालं नाही, पण 'धान्य काढलं की कुत्रा निरोगी' हे समीकरण तेवढं सोपं नाही, एवढं कळलं.

आता लांडग्याचा मुद्दा. 2013 मध्ये एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्याच्या स्वीडनमधल्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. त्यांनी लांडगा आणि कुत्रा यांचे जीनोम शेजारी ठेवले. स्टार्च पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जीनच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यांत मात्र 4 पासून 30 पर्यंत! नंतरच्या अभ्यासांत दिसलं की शेती करणाऱ्या समाजांतल्या कुत्र्यांत या प्रती जास्त आहेत, तर डिंगो आणि बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीसारख्या कुत्र्यांत कमी. आपल्या भाषेत सांगायचं तर कोडचा फोर्क होऊन हजारो वर्षं झाली. माणसाने पेरायला सुरुवात केली आणि त्याच्या उकिरड्यावर जगता जगता कुत्रा बदलला. बंड्याच्या पोटात लांडगा नव्हता, शेतकऱ्याचं कुत्रं होतं.

म्हणून पोळी-दूध हा आदर्श आहार का? तसंही नाही. इथे प्रामाणिक राहायला हवं. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, बऱ्याच जणांचं पोट बिघडतं. नुसत्या पोळीत प्रथिनं पुरेशी नसतात. नुसता चिकन-भात घातला तर कॅल्शियम कमी पडतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. 2013 मध्ये अमेरिकेत घरगुती आहाराच्या 200 रेसिपी तपासल्या, तर 95 टक्क्यांत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. आपल्या रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षं-मनुका किडनीला घातक ठरतात. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेली च्युइंगगम तर नकोच नको. पण साध्या पोळीने किडनी जाते, याला मला कुठेही पुरावा मिळाला नाही.

पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीला. 2002 मध्ये एका अभ्यासाचे निकाल आले. 48 लॅब्रेडॉर, एकाच आईच्या पिल्लांच्या जोड्या लावून. एकाला जेवढं दिलं, त्याच्या 25 टक्के कमी दुसऱ्याला, तेही आयुष्यभर. खाणं तेच, फक्त प्रमाण कमी. जास्त खाणाऱ्यांचं मध्यमान आयुष्य 11.2 वर्षं, कमी खाणाऱ्यांचं 13. जवळजवळ दोन वर्षं! पोळी की पाकीट यावर भांडताना आपण विसरतो की फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याचा मोठा शत्रू आहे भरलेलं ताट आणि न होणारी फेरी.

आणि किडनीचं म्हणाल तर ती फार सोशिक. साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसत नाही. म्हणून सात-आठ वर्षांनंतर दरवर्षी रक्त आणि लघवी तपासावी. एसडीएमए नावाची चाचणी थोडं आधी सांगते. आजार लवकर कळला तर कमी फॉस्फरसचा आहार देऊन वेळ वाढवता येतो. आपल्याकडे पावसात तुंबलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तोही किडनीवर येतो. त्याची लस दरवर्षी द्यावी. गोचीड दिसली तर हसण्यावारी नेऊ नये.

आमच्या घरात पुन्हा कुत्रं येईल की नाही, माहीत नाही. आलं तर चांगल्या पाकिटाचं खाणं मोजून घालू, फेरी चुकवणार नाही आणि कांद्याचा रस्सा दाखवणार नाही. पण आई आपल्या पोळीतला एक तुकडा त्याला देणारच, आणि मी तिला अडवणार नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर लॉगमध्ये मिळालंय. नाही आई, तुझ्यामुळे नाही गेला.