इंजिन क्रमांक नसलेली किट कार

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या संचातून, किंवा जुन्या गाडीचे इंजिन व गिअरबॉक्स घेऊन, मालकाने स्वतः अथवा छोट्या कार्यशाळेत जोडलेली मोटारगाडी. अशा गाडीच्या इंजिनावर क्रमांक आढळला नाही, तर भारतात तो केवळ तांत्रिक दोष राहत नाही. इंजिन कोणाचे, कोठून आले आणि ते चोरीचे तर नाही, हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे कागदोपत्री देता आली नाहीत, तर पूर्ण झालेली गाडीही नोंदणीवाचून पडून राहते.

इंजिन क्रमांक व सांगाडा क्रमांक

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२२ नुसार सांगाडा (चॅसी) क्रमांक व इंजिन क्रमांक वाहनावर ठशाने उमटवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. विजेवरील वाहनात इंजिनाऐवजी मोटरचा क्रमांक असतो. सांगाडा क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो. इंजिन क्रमांकाची लांबी व रचना मात्र उत्पादकागणिक बदलते. बहुधा इंजिनाच्या प्रकाराची खूण आधी आणि अनुक्रमांक नंतर, असा क्रम दिसतो.

इंजिन क्रमांकाची ओतीव क्रमांकाशी नेहमी गल्लत होते. ओतीव क्रमांक साच्यातूनच उठून आलेला, उंचवट्याचा असतो व एकाच साच्याच्या हजारो ब्लॉकवर तोच आढळतो. इंजिन क्रमांक ब्लॉकवरील सपाट केलेल्या छोट्या पट्टीवर पंच केलेला, म्हणजे खोलगट असतो. ओतीव क्रमांक अर्जात लिहिल्यास तपासणीत तो टिकत नाही.

क्रमांक न सापडण्याची कारणे

क्रमांक नाही म्हणजे इंजिन चोरीचेच, असे समजणे चुकीचे आहे. पुष्कळदा तो तेल-मातीच्या थराखाली किंवा रंगाखाली दडलेला असतो. कधी ती पट्टी अल्टरनेटर वा एक्झॉस्टच्या मागे जाते. म्हणून इंजिन गाडीत बसवण्यापूर्वीच क्रमांक शोधून त्याचे छायाचित्र घेणे श्रेयस्कर. ओतीव लोखंडावर गंज चढून अंक झिजतात. दुरुस्तीसाठी सुटा विकला जाणारा नवा ब्लॉक तर बऱ्याचदा कोराच असतो. त्यावर मुळात क्रमांक नसतोच, आणि अशा वेळी खरेदीचे बीजक हाच एकमेव पुरावा ठरतो. याउलट पट्टीवर कानशीच्या किंवा ग्राइंडरच्या समांतर रेघा दिसल्या, आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा ती खोल वा अधिक चकचकीत वाटली, तर क्रमांक हेतुपुरस्सर घासल्याची शंका घ्यावी.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीविना वाहन सार्वजनिक 'किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी' चालवता येत नाही. स्वतःच्या शेतात चालवायला हरकत नाही, हा समज या शब्दांपुढे टिकत नाही. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले विशेष प्रकारचे वाहन मात्र अधिनियमातील मोटार वाहनाच्या व्याख्येतच येत नाही.

कलम ५५ (५) अधिक कठोर आहे. वाहनावरील इंजिन वा सांगाडा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकाहून भिन्न आढळला, तर मालकाचे म्हणणे ऐकून घेऊन नोंदणी रद्द केली जाते. कलम ५२ नुसार मान्यतेविना इंजिन बदलले असल्यास १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे लागते. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात स्पष्ट केले. अनधिकृत फेरबदलासाठी कलम १८२ अ (४) मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

म्हणूनच कोऱ्या पट्टीवर आपल्या मनाने क्रमांक ठोकणे ही सर्वांत घातक चूक होय. कोरा ब्लॉक समजावून सांगता येतो; पण बनावट क्रमांक प्रामाणिक मालकालाही संशयित ठरवतो.

घासलेला क्रमांक पुन्हा वाचणे

पंच मारताना अंकाखालच्या धातूची कणरचना काही खोलीपर्यंत दबते. वरचे अंक घासले तरी हा दबलेला थर बऱ्याचदा शिल्लक असतो आणि रसायनाला भोवतालच्या धातूपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो. पोलादासाठी क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण, तर ॲल्युमिनियमसाठी सोडियम हायड्रॉक्साइड किंवा फेरिक क्लोराइड वापरतात. ओतीव लोखंडावर यश अनिश्चित असते. दबलेल्या थरापेक्षा खोल घासले असेल, तर काहीच हाती लागत नाही. महाराष्ट्रात ही तपासणी पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. मालकाने घरी आम्ल लावून पाहू नये, कारण त्याने उरलासुरला पुरावाही नष्ट होऊ शकतो. साफसफाईसाठी डिझेल व मऊ ब्रश पुरेसा आहे. पॉलिश पेपर व तारेचा ब्रश टाळावा.

कागदपत्रांचा माग

जुने इंजिन घेताना ज्या गाडीतून ते काढले तिच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, बीजक आणि विक्रेत्याची लेखी पावती घ्यावी. भंगार बाजारातील तोंडी हमीला परिवहन कार्यालयात किंमत नाही. क्रमांक वाचता येत असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या 'वाहन समन्वय' प्रणालीत तो चोरीच्या वाहनांच्या यादीशी ताडून पाहता येतो. क्रमांक नसेल तर जोडणीवर आणखी खर्च करण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयाला लेखी कळवून सूचना मागणे हाच सुरक्षित मार्ग आहे. लेखी अर्जाची पोच पुढे सद्हेतूचा पुरावा म्हणून कामी येते. इंजिनाचा माग अजिबात लागत नसेल, तर ते परत करून कागदपत्रांसह दुसरे घेणे बहुधा स्वस्त पडते.

क्रमांकाचा प्रश्न सुटला तरी नोंदणी आपोआप होत नाही. नमुना २० मधील अर्जात सांगाडा क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा व इंजिन क्रमांक द्यावा लागतो, शिवाय विक्री प्रमाणपत्र (नमुना २१) व रस्तायोग्यता प्रमाणपत्र (नमुना २२) लागते. ही दोन्ही एकट्या हौशी जोडणाऱ्याजवळ नसतात. नियम १२६ नुसार वाहनाच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी आवश्यक असते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६), पुण्याचीच केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आणि अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना या तीन चाचणी संस्था महाराष्ट्रातच आहेत. पण चाचणीचा खर्च उत्पादकाला पेलतो, एका गाडीच्या हौशीला क्वचितच.

अलिबागजवळील कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सची 'रोडस्टर १.८ एस' ही या परंपरेतील महाराष्ट्रात बनलेली गाडी होय. तिचे रूप १९५७ च्या ब्रिटिश लोटस सेव्हनवर बेतलेले असून त्यात इसुझु बनावटीचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आहे.

अन्य व्यवस्था

ब्रिटनमध्ये एकेका वाहनाची स्वतंत्र मान्यता-चाचणी होते, आणि ज्याचे वय वा मूळ ओळख निश्चित करता येत नाही अशा वाहनाला 'क्यू' अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. भारतात अशी श्रेणी नाही. २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू झाली. परंतु सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठे फेरबदल न केलेली, मूळ स्वरूपातील वाहनेच तिला पात्र असल्याने जुने भाग जोडून केलेल्या गाडीला तिचा उपयोग होत नाही.