तळटीप : बडोद्याचा ‘सयाजीराव’

१२. ‘सयाजीराव’ : बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांचा शर्यतीचा घोडा, आजोबा सयाजीराव तिसरे यांच्या नावाचा. १९४५च्या डर्बीचा विजेता ‘दांते’ याचा हा सख्खा भाऊ. त्यामुळे त्या एका वर्षाच्या शिंगराला २८,००० गिनी असा तेव्हाचा विक्रमी भाव आला. न्यूमार्केटच्या फ्रेड आर्मस्ट्राँग यांनी त्याला तयार केले. १९४७मध्ये त्याने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकली.

महाराजांनी देशी ट्रेनर का नेमला नाही, असे मूळ लेखक विचारतात. घोडा इंग्लंडात घेतलेला, धावणारही तिथेच. पहाटेच्या दौडीनंतर पायावरून हात फिरवून कुठे ऊब तर नाही ना, हे पाहणारा माणूस रोज तबेल्यातच लागतो. म्हणून ती निवड चुकीची म्हणता येणार नाही.

खंत वेगळी आहे. ती विद्या शिकायला बडोद्याची चार पोरे सोबत धाडायला हवी होती. दुबईच्या मक्तूम घराण्याने पुढे घरचाच माणूस घडवला : पूर्वी पोलिसात असलेले सईद बिन सुरूर. ‘लामतारा’ या घोड्याचा हिवाळा दुबईच्या उबेत गेला आणि १९९५ची डर्बी त्याने सुरूर यांच्याच हाताखाली जिंकली. राजघराण्याचा पैसा अखेर रयतेचा असतो. त्यातून चषकाबरोबर कसबही घरी यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. — संपादक