झालिप्येच्या भिंतींवरची फुले

दक्षिण पोलंडमधल्या टार्नूफ शहरातून उत्तरेला निघाले की व्हिस्टुला आणि दुनायेत्स या नद्यांच्या बेचक्यातला सपाट, शेतीचा मुलूख लागतो. झालिप्ये हे तिथलेच एक छोटे खेडे. घरे शेताशेतांत विखुरलेली. त्यांच्या भिंतींवर, गोठ्यांवर, विहिरींवर, चर्चच्या आतसुद्धा रंगीत फुलांचे गुच्छ आहेत. या फुलांचे मूळ धुरात आहे.

एकोणिसाव्या शतकात हा भाग ऑस्ट्रियाच्या अंमलाखालच्या गॅलिशियात होता आणि गरिबीने गांजलेला होता. बहुतेक लाकडी घरांना धुराडे नव्हते. चुलीचा धूर खोलीत कोंडून दारातून आणि माळ्यातून बाहेर पडे. भिंती काजळीने काळ्या होत. सणासुदीला बायका त्या काळ्या भिंतींवर चुन्याचे पांढरे ठिपके उठवत. घराला सणाची कळा आणायला तेवढेच हाताशी होते. शतकाच्या अखेरीस धुराडी आली, तशा भिंती पांढऱ्या राहू लागल्या आणि ठिपक्यांच्या जागी फुले उमलली.

साहित्य घरचेच होते. काजळीचा काळा, मातीचा तांबूस. रंग भिंतीला धरावा म्हणून त्यात दूध कालवायचे. कुंचला म्हणजे गाईच्या शेपटीचे केस, नाहीतर टोक ठेचून दातवणासारखी केलेली बर्चची काडी. पुढे बाजारातले भुकटीचे रंग आले आणि लाल, निळा, पिवळा खुलला.

या कलेला गावाबाहेर नेले ते फेलित्सिया त्सुरिवोवा (1904–1974) यांनी. ‘बातोरी’ या पोलिश प्रवासी जहाजाच्या सजावटीतही त्यांची फुले होती. त्यांचे घर आज संग्रहालय आहे. छतापासून चुलीपर्यंत तिथे एकही कोपरा कोरा नाही.

दुसऱ्या महायुद्धाने होरपळलेल्या या भागात 1948 साली रंगवलेल्या घरांची स्पर्धा सुरू झाली. मध्ये खंड पडला, पण 1960च्या दशकापासून ती पुन्हा नेमाने भरते, कॉर्पस क्रिस्तीच्या सणाच्या सुमारास. ऊन, पाऊस, बर्फ यांनी बाहेरची चित्रे फिकी पडतात, म्हणून ती पुन्हापुन्हा काढावी लागतात. ही परंपरा टिकली ती याच कष्टामुळे, असे मला वाटते. रंग विटत राहिले, म्हणून आजीचा हात लेकी-नातींच्या हाती उतरत राहिला.