आख, वंगण आणि बावखल

वसई-विरार पट्ट्यातल्या वाहनांचा इतिहास सांगायचा म्हटले की सुरुवात रेल्वेपासून होते. १२ एप्रिल १८६७ रोजी बीबीसीआय रेल्वेची पहिली उपनगरी गाडी विरारहून मुंबईतल्या बॅकबेकडे निघाली. स्थानिक स्मरणिकांत ही तारीख हमखास भेटते. पण केळी, पाने आणि फुले घेऊन स्टेशनापर्यंत येणारी बैलगाडी आणि पुढे अंगणात येऊन उभी राहिलेली मोटार यांच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. या तिन्ही वाहनांकडे मी गेली काही वर्षे एकाच प्रश्नातून पाहतो आहे. वळण घेताना दोन चाकांच्या वाट्याला कमीजास्त अंतर येते, ते कसे सांभाळले जाते? आणि हा हिशेब ज्या तेलाच्या जोरावर चालतो, ते तेल जुने झाले की जाते कुठे?

आधी अंतराचा प्रश्न. गाडीच्या दोन चाकांमध्ये सव्वा मीटर अंतर धरले, तर काटकोनात एक वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जवळजवळ दोन मीटर जास्त धावावे लागते. वळण लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच आखाला घट्ट जोडलेली असतील, तर त्यांतले एक घसरणार किंवा फरफटणार.

बैलगाडीला ही अडचण कधी आलीच नाही. तिचा आख स्थिर असतो आणि त्यावर प्रत्येक चाक स्वतंत्र फिरते. ओढणारे बैल पुढे असल्यामुळे चाकांना जोर लावावा लागत नाही, त्यांनी फक्त फिरायचे. रेल्वेने उलटा मार्ग धरला. तिची दोन्ही चाके आखाला पक्की बसवलेली असतात, पण चाकाची धाव किंचित उतरती, शंकूसारखी घडवलेली असते. वळणावर डबा बाहेरच्या रुळाकडे सरकला की बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर चालते आणि आतले लहान घेरावर. फरक आपोआप भागतो.

मोटारीला यांपैकी काहीच चालेना. तिला चाकांना जोरही द्यायचा होता आणि त्यांना वेगवेगळे फिरूही द्यायचे होते. त्यावरचा उपाय, म्हणजे डिफरन्शियल, मोटारीपेक्षा जुना आहे. पॅरिसमधल्या ओनेसिफोर पेकर या घड्याळ बनवणाऱ्या कारागिराने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली याने तीनचाकी सायकलीला डिफरन्शियल बसवले. आज वसई स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या रिक्षांच्या पोटातही तेच तत्त्व काम करते. मागून चालणाऱ्या मोटारीखाली वाकून पाहिले, तर आखाच्या मध्यावर जो गोल फुगवटा दिसतो, ते याचे घर. त्यात क्राऊन व्हील आणि पिनियन एकमेकांत गुंतलेली असतात आणि तेलात न्हात फिरत असतात.

हे तेल साधे राहिले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता. १९२० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड नावाचे दाते विकसित केले आणि १९२६ मध्ये पॅकार्डच्या मोटारींत ते आले. यात पिनियन क्राऊन व्हीलच्या मध्यरेषेच्या खाली बसतो. त्यामुळे लांब दांडा खाली येतो, गाडीची तळफळीही खाली घेता येते आणि दाते अधिक निःशब्द चालतात. मात्र हे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घसरतातही. त्या घासणीत साधे तेल पुसले जाते आणि लोखंडाला लोखंड भिडते. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळावी लागली. उष्णतेने ती धातूशी संयोग पावतात आणि दात्यांवर एक पातळ संरक्षक थर धरतात. गिअर ऑईलचा डबा उघडल्यावर नाकात भरणारा उग्र वास या गंधकाचाच. डब्यावरच्या जीएल-४ आणि जीएल-५ या खुणा अशा द्रव्यांची ताकद सांगतात. जीएल-५ मधली काही द्रव्ये गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना बाधू शकतात, म्हणून एकाचे तेल दुसऱ्यात डोळे मिटून ओतू नये असे जाणकार मिस्त्री सांगतात.

आमच्या घरी हे सगळे पद्मिनीबरोबर आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे. १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी झाली. वडिलांनी १९८० च्या दशकात एक वापरलेली पद्मिनी घेतली आणि तिचे बरेचसे काम ते वाडीतच करीत. डिफरन्शियलचे ऑईल बदलायचे असेल त्या दिवशी आधी गाडी थोडी फिरवून आणायची, म्हणजे तेल पातळ होते. मग सपाट जागेवर गाडी उचलून लाकडी ठोकळ्यांवर पक्की बसवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरायचे नाही. खालचा बोल्ट सोडण्याची मला घाई असे आणि वडील दर वेळी अडवीत. "आधी भरायचा बोल्ट सोड. तो गंजून बसला असेल तर खालून रिकामं करून करशील काय?"

खालचा बोल्ट निघाला की लिटरच्या आगेमागे काळे तेल पाटीत उतरे. वडील ते दोन बोटांत चोळून पाहत. राखाडी चिखलासारखी बारीक पूड म्हणजे नेहमीची झीज, पण लोखंडाचा कपचा हाताला लागला तर दात्याला इजा झाली असे समजायचे. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की गरम आख एकदम थंड होतो आणि हवेच्या भोकातून पाणी आत ओढून घेतो. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा गाड्यांच्या आखांवर कोणती वेळ आली असेल, हे त्यामुळे मला वेगळे सांगावे लागले नाही. शेवटी नवे तेल भरण्याच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरायचे आणि बोल्ट आवळायचा.

इथपर्यंत सगळे नेटके होते. खरा प्रश्न पाटीतल्या तेलाचा होता. त्यातले थोडे कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून चोपडले जाई. उरलेले आम्ही बावखलाच्या काठाला ओतत असू. हे काम माझ्याकडे असे.

याचे मूळ मला पुष्कळ उशिरा उमगले. आजोबांच्या गाडीला एरंडेलात काजळी कालवून केलेले वंगण लागे. आखावरून पुसलेले वंगण ते कुंपणाला लावीत आणि उरलेले मातीत टाकीत. ते वनस्पतीचे तेल होते आणि तेही मूठभर. मातीने ते पचवले. एरंडेलाचा वंगण म्हणून मान मोठा होता. कॅस्ट्रॉल हे १९०९ मधले नावसुद्धा कॅस्टर, म्हणजे एरंड, या शब्दावरून आलेले आहे. बैलगाडी गेली आणि पद्मिनी आली, तरी वंगण टाकण्याची जागा तीच राहिली. तेल मात्र पार बदलले होते. आता त्यात खनिज तेल, गंधक, फॉस्फरस आणि धातूची पूड होती. वडील निष्काळजी नव्हते. त्यांच्या वडिलांनी जे केले तेच ते करीत होते आणि मी त्यांचे पाहून करीत होतो.

बावखल म्हणजे काय, हे वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. पश्चिम पट्ट्यातली ही गोड्या पाण्याची खोदीव तळी. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना पाझर पुरवते. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूंना खाड्या, अशा भूमीत गोड्या पाण्याचा हा थर जपला नाही तर खारे पाणी आत सरकते. म्हणूनच विहिरींतले पाणी टँकरने उपसून नेण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. आम्हीही टँकरवर संतापत होतो. आपण काठावर काय ओततो, हे त्या संतापात आठवले नाही. उपसा डोळ्यांना दिसत होता, मुरणे दिसत नव्हते.

१९८३ मध्ये पुढच्या चाकांवर चालणारी मारुती ८०० आली आणि घरगुती गाड्यांतले डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या घरात गेले. वेगळे तेल, वेगळा बोल्ट हा प्रकार त्या गाड्यांत उरला नाही. तरी मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅन, जीपगाड्या आणि मालाचे टेम्पो आजही आहेत आणि त्यांचे ऑईल अजूनही कुणी ना कुणी अंगणात बदलतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे आणि त्याची पुनर्प्रक्रिया अधिकृत केंद्रातच व्हायला हवी. १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली आहे. पण अंगणात पाटीभर तेल निघते, तेव्हा तिथे नियम बघायला कोणी उभा नसतो. तिथे उभी असते ती घरातली सवय.

पद्मिनी आमच्याकडे आता नाही. तिच्या जागी एक जुनी व्हॅन आहे आणि तिचे ऑईल मी स्वतः बदलतो. आधी भरायचा बोल्ट सोडतो. काढलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून ठेवतो आणि जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन देतो. तिथून ते कोणाकडे जाते, हे दर वेळी विचारतो. पूर्वी मालक हसायचा. मागच्या खेपेला त्याने न विचारता तेल नेणाऱ्याची पावती काढून दाखवली.